प्रोटीन बंद

टेलरबाईंना एकदा सांगितलं की सांगितलं. गिऱ्हाईक म्हणालं बाही आखूड करा, की आखूड. मग ती काखेत का काचेना!

त्यामुळे नवऱ्याला तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यांच्या घशातल्या गाठीवर एक प्रोटीन फार वाढलंय, नवं औषध त्यालाच रोखेल," तेव्हा बाईंनी त्याच दिवशी अंडी, दूध, मासे, डाळी घरातून हद्दपार केल्या. नवऱ्यापुढे उरला मऊ भात आणि भोपळा.

नवरा बसस्टँडवर गाड्या पुकारायचा. गल्ली त्याला भोंगा म्हणे. आता भोंग्याची कुजबुज झाली होती.

"अगं, एक अंडं तरी दे."

"गाठीला खाऊ घालू?"

"गाठीला नको, मला."

"तुम्ही दोघं एकाच तोंडाने जेवता!"

तो पुन्हा भोपळ्याकडे वळला. बाई मात्र रात्रंदिवस झटत होत्या. भोपळा चाळणीतून गाळायच्या, आणि त्याच्या पँटी पुन्हा पुन्हा कमरेत घ्यायच्या.

तपासणीला वजनाचा काटा बघून डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "असंच उतरत गेलं तर औषध झेपणार नाही. सोमवारी सुरू करता येणार नाही मला. खातात काय हे?"

"प्रोटीनचा कण नाही, डॉक्टर!" बाई अभिमानाने म्हणाल्या. "कडक बंद."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली. मग त्यांनी स्वतःच्या कोटाचं बटण काजातून काढून दाखवलं. "प्रोटीनं हजार तऱ्हेची असतात, बाई. गाठीच्या पेशीवरचं आहे ते या काजासारखं. 'वाढ, वाढ' असा निरोप त्यात बटणासारखा अडकतो. औषध त्या काजात आधीच जाऊन बसतं, मग निरोपाला जागाच उरत नाही. अंड्यातलं प्रोटीन वेगळं. पोटात त्याचा धागा न् धागा सुटा होतो आणि त्यातूनच शरीर स्वतःला रफू करतं."

बाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे मी यांना उपाशी मारत होते."

"छे," नवरा घोगरं हसला, "फिटिंग करत होतीस."

बाईंना हसू आलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी वजनाची घसरण थांबवायला आठवडाभराची मुदत दिली. घरी दुधात घोटलेलं अंडं चमच्याने भरवताना प्रत्येक घोटाला त्याचे डोळे घट्ट मिटत.

"दुखतंय? थांबू?"

तो मान हलवून 'नाही' म्हणे आणि पुन्हा आ करी.

सोमवार उलटून पुढचा आला. काटा वर गेला नव्हता, पण खालीही आला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी दोनदा पाहिलं, मग नर्सकडे वळून म्हणाल्या, "लावा सलाईन. औषध सुरू करू."