दोन्ही कडांना टेकणारं विमान
सरकी न काढलेल्या कापसाचा उबट वास आला की मला नेर गावातल्या मित्राची खोली आठवते. त्या वर्षी भाव पडला होता, म्हणून न विकलेला कापूस आढ्यापर्यंत भरलेला आणि मधल्या जागेत कॉम्प्युटर. कापूस आवाज गिळायचा, आपलंच बोलणं परकं वाटायचं. मित्राच्या वारलेल्या थोरल्या भावाने व्हिडिओ गेम पार्लरमधल्या जुन्या विमानाच्या गेमचा स्वतःचा एक डाव इम्युलेटरवर, म्हणजे जुने गेम कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर, रेकॉर्ड करून ठेवला होता, पण नव्या चपट्या मॉनिटरवर ते विमान सारखं अडखळायचं. वीजच कमी पडते असं समजून आम्ही इन्व्हर्टरला शिव्या द्यायचो. त्या दुपारी मित्राने मॉनिटरचा चित्र बदलण्याचा वेग गेमशी जुळवला आणि विमान तेलावरून सरकावं तसं सरकू लागलं. तेव्हा पहिल्यांदा दिसलं, की प्रत्येक टप्प्याआधी ते पडद्याच्या डाव्या कडेला, मग उजव्या कडेला हलकंच टेकून पुढे जातं. घरून निघताना थोरला दाराच्या चौकटीला दोन्हीकडे असाच हात लावायचा. चहा घेऊन आलेली त्यांची आई दारातच थबकली. “कोन खेळून राह्यलं हे?” “कोनी नाही वं माय, जुनं रेकॉर्डिंग आहे,” मित्र म्हणाला. पडद्यावरची नजर न हलवता ती म्हणाली, “त्याले म्हना, चहा थंडा होऊन राह्यला.” अजूनही मी घरी जुने गेम लावतो, पण वेग जुळवत नाही. ते अडखळलेलेच बरे, नितळ सरकले की कोणीतरी खेळतंय असं वाटतं.