राघण्णांची अर्धी मॅच

खडकीहून निघाले त्या सकाळी बाबा स्टेशनवर सोडायला आले. आई घरीच थांबली, तिला निरोप देणं जमत नाही. गाडी हलायच्या आधी बाबा खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले, "आधी मैदान शोध. खोली काय, कुठेही मिळते."

मी मेटगळ्ळीतल्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात रुजू व्हायला म्हैसूरला चालले होते. खोली लगेच मिळाली. मैदान मिळायला वर्ष गेलं. ते वर्ष कसं गेलं हे घरी कोणाला मी फोनवर सांगितलं नाही. कन्नड येत नव्हतं. एका रविवारी कंटाळून एकटीच कावेरीकाठच्या तलकाडला गेले, वाळूत बसले आणि परत आले. ज्यांनी ज्यांनी गाव सोडलंय, त्यांना हा रविवार माहीत असेल.

मग ऑफिसातल्या एकाने हॉकी क्लबवर नेलं. त्यांचा कोच सोडून गेला होता. मी विद्यापीठाकडून खेळलेली, म्हणून सेक्रेटरींनी टीम माझ्या गळ्यात घातली. पहिल्याच संध्याकाळी पिकल्या कल्ल्यांचा एक उंच माणूस जवळ आला.

"तुम्ही मराठी अल्वा? आम्ही पण. अग्रहारात राहतो, आजोबांच्या आधीपासनं."

हे राघण्णा. शाळेत शिक्षक, आणि टीमचे फुल-बॅक, म्हणजे गोलरक्षकाच्या पुढे उभा असणारा शेवटचा माणूस. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड होतं, पण त्या शहरात माझ्याशी घरच्यासारखं बोललेलं ते पहिलं माणूस. पुढे दर रविवारी मी त्यांच्याकडेच जेवायला लागले. शालिनीवहिनी मला न विचारता ताट वाढायच्या.

स्पर्धा जवळ आली तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, राघण्णांचं काय ते ठरवा. धावणं होत नाही आता."

मी काही आठवडे फक्त त्यांच्याकडे बघत राहिले. धावणं होत नव्हतं हे खरंच. तरणे फॉरवर्ड त्यांना बाहेरून सहज मागे टाकत. पण ते सतत बोलत असत. "किरण, एडक्के," म्हटलं की पुढचा तरणा किरण डावीकडे सरके आणि चेंडू नेमका तिथे येई. बॉल अडवला किरणने, टाळ्या किरणला. एक दिवस मी अण्णांना बाहेर बसवून बाकीच्यांना खेळवलं, तर सगळेच पुढे धावले आणि मागे कोणी उरलं नाही. मात्र आणखी एक गोष्ट दिसली. मध्यंतरानंतर पाय थकले की ते स्टिक आडवी घालत आणि पेनल्टी कॉर्नर, म्हणजे समोरच्यांना गोलची आयती संधी, देऊन बसत.

मी त्यांच्या घरी, कॉफी पिताना सांगितलं. "अण्णा, मध्यंतरापर्यंत तुम्ही. नंतर तुमच्या जागी किरण."

"म्हणजे अर्धाच माणूस पाहिजे तुला."

"माणूस पुरता पाहिजे. मॅच अर्धी. दमल्यावर तुमच्या हातून कॉर्नर जातात."

"आयितु," ते म्हणाले. झालं तर मग. आणि उठून आत गेले.

त्या रविवारी जेवायचा निरोप आला नाही. सरावाला ते रोज येत, सांगेन ते करत, किरणला कुठे उभं राहायचं ते शिकवतही. पण माझ्याशी फक्त कन्नडमध्ये बोलत. माझ्या मोडक्यातोडक्या कन्नडात मी उत्तरं द्यायची. इतकं परकं मला पहिल्या वर्षीही वाटलं नव्हतं.

उपांत्य सामना कोडगूच्या टीमशी होता. मध्यंतराला एकही गोल नव्हता. राघण्णा बाहेर येऊन माझ्या शेजारी बसले. आमच्या गोलवर एकामागून एक चाली येत होत्या.

"अण्णा, सांगा ना त्यांना काहीतरी."

"बाहेरनं ओरडलं की ती पोरं माझ्याकडे बघतात गे, बॉलकडे नाही. सुम्ने बस." कित्येक दिवसांनी ते मराठीत बोलले.

मी गप्प बसले. आत किरण स्वतःच ओरडायला लागला होता.

शेवटी एक गोल बसला आणि आम्ही हरलो. सेक्रेटरी सगळ्यांसमोर म्हणाले, "अण्णांना काढलं नसतं तर जिंकलो असतो."

राघण्णा पॅड सोडत होते. वर न बघता म्हणाले, "मी असतो तर आधीच दोन खाल्ले असते. मॅडमनी बरोबर केलं." मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, "रविवारी ये. शालिनी विचारत होती."

आता ते मॅचचा पहिलाच भाग खेळतात. किती खेळायचं ते स्वतःच ठरवतात आणि मला कळवतात.

गेल्या महिन्यात खडकीला आले होते. आईने पुन्हा वाढायला घेतलं तर माझ्या तोंडून "नको"ऐवजी "बेडा" गेलं, आणि त्याचा अर्थ सांगावा लागला. कधी निघणार, तिने विचारलं. "शनिवारी घरी पोचायला हवं, रविवारी मॅच आहे," मी म्हटलं. म्हटल्यावर ते 'घरी' माझं मलाच ऐकू आलं. बाबांनी पेपर खाली घेतला.

आई म्हणाली, "चिवडा देते करून. घरी माणसं किती आहेत ते सांग."

मी गोलरक्षकापासून मोजायला सुरुवात केली.