खाली लावा

मार्तंडराव रेल्वेच्या सिग्नल खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, पण शिस्तीतून काही झाले नाहीत. झाशीच्या सीपरी बाजारातल्या त्यांच्या घरात उंबऱ्याच्या आत फक्त मराठी, हा नियम त्यांनी चाळीस वर्षं चालवला. पत्नी शकुंतलाबाई होत्या तोवर तो चाललाही. दीड वर्षापूर्वी त्या गेल्या आणि माणूस नियमासकट एकटा पडला. दूधवाल्याशी हिंदी, शेजाऱ्यांशी हिंदी. मराठी बोलायचं तर भिंतीशी.

उरली एक नात. इरा बंगळुरात कॉलेजात होती. तिला मराठी सगळं समजे, बोलताना मात्र ततपप होई. आजोबांचा हुकूम असा, की हिंदी बोललीस तर फोन ठेवीन. तीनदा त्यांनी तो खरंच ठेवला. मग रोजचा फोन आठवड्यावर गेला, आठवड्याचा पंधरवड्यावर. चूक आपली आहे हे त्यांना कळत होतं, पण हट्ट सोडवत नव्हता. ही पोरगीही तुटली तर बोलायचं कुणाशी?

तोडगा इरानेच काढला. तिने कॅमेरा पाठवला. तो कंप्युटरला जोडला की रविवारी समोरासमोर बसता येईल आणि शब्द अडला तर हातवारे तरी करता येतील. बाकीची जुळवाजुळव तिने तिकडूनच करून ठेवली होती.

रविवारी सकाळी मार्तंडराव इस्त्रीचा सदरा घालून टेबलाशी बसले. कानाला बटनांचा जुना फोन, हातात कॅमेऱ्याची वायर.

"आजोबा, कंप्युटरच्या डब्याला पुढे दोन... दोन छेद आहेत ना?"

"भोकं म्हण. आहेत, एकावर एक."

"हां. खाली लावा."

किती स्वच्छ बोलली पोरगी! म्हाताऱ्याला भरून आलं. मग त्यांनी खालचं भोक पाहिलं.

तिथे शकुंतलाबाईंचा माउस लावलेला होता. बाई डावखुऱ्या, म्हणून त्यांनी स्वतःचा वेगळा माउस आणवून टेबलाच्या डाव्या अंगाला ठेवला होता. पडद्यावर बाण मात्र एकच. दोघं दोन खुर्च्यांवर बसून त्याची ओढाताण करायचे. "अहो, सोडा माझा बाण!" असं बाई ओरडायच्या आणि हे मुद्दाम सोडायचे नाहीत. दीड वर्षात त्या माउसला कुणी हात लावला नव्हता. कंप्युटर चालू केला की त्याच्या पोटातला लाल दिवा तेवढा लागे.

"लावला?"

"लावतो." अगदी जिवावर आलं, पण त्यांनी वायर ओढली. दिवा विझला. त्या जागी कॅमेरा गेला आणि पडद्यावर इरा आली. केस कापलेली, शकुंतलाबाईंच्या हनुवटीची.

"आजोबा, रडता का?"

"आजीचा माउस काढावा लागला. तूच म्हणालीस, खाली लावा."

"अरे नहीं आजोबा! खाली मतलब जिसमें कुछ नहीं लगा है। ऊपरवाला!" एवढं बोलून तिने जीभ चावली. आता कॅमेराही बंद होणार, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

उभा जन्म झाशीत काढलेल्या माणसाला हिंदीतलं 'खाली' ठाऊक नव्हतं थोडंच! पण नात मराठी बोलते आहे, या आनंदात दुसरा अर्थ डोक्यात शिरलाच नाही. मार्तंडराव वाकले आणि माउसची वायर वरच्या भोकात खोचली. लाल दिवा लागला.

"बोल बाळा हिंदी," ते म्हणाले. "आता फोन नाही ठेवायचा."

इराने मग आपणहून विचारलं, "खाली को मराठी में क्या कहते हैं?"

"रिकामं."

कॅमेऱ्यातून तिला आजोबांच्या डावीकडचंही दिसत होतं. तिने मनात वाक्य जुळवलं आणि हळूच म्हणाली, "आजीची खुर्ची रिकामं आहे."

"रिकामी," मार्तंडरावांनी सवयीने दुरुस्त केलं. "खुर्ची रिकामी आहे."