पूजा टोपणाची

पेन परदेशातून मागवणारा माणूस आख्ख्या बजाजनगरात एकच असेल, आणि नेमका तोच माझ्या पदरी पडला. नाव आदिनाथ. वाळूजच्या कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर सत्तावीस वर्षं काढली ह्यांनी. पण अक्षर म्हणाल तर छापल्यासारखं! लग्न ठरलं तेव्हा मी माहेरी, वैजापूरला. हप्त्याला एक चिठ्ठी यायची, वर ठसठशीत 'शालू'. माझ्या बहिणी मेल्या चोरून वाचायच्या.

नऊ वर्षांपूर्वी मशीनमध्ये उजव्या हाताची दोन बोटं अर्धी गेली. घास उचलता यायचा, स्कूटर चालायची, पण बॉलपेन दाबून धरलं की कळ थेट खांद्यात. लिहिणंच सुटलं. सही जुळेना म्हणून बँकेत अंगठा लावायची पाळी आली, त्या दिवशी हे जेवले नाहीत.

मग कुणीतरी सांगितलं, शाईचं भारी पेन दाबावं लागत नाही, आपल्या वजनानंच लिहितं. झालं! मोबाईलवर स्वस्तातलं मागवलं, ते निघालं नकली, कागद फाडणारं. मग हे इरेला पेटले. पेनाच्या कंपनीच्या साइटवर अधिकृत दुकानदारांची यादी असते म्हणे. त्यातला जर्मनीतला एक निवडला. लेक प्रेरणा इंग्रजीत लिहायची, हे मागून सांगायचे, "लिही, दोन बोटं अधू आहेत. अजिबात न दाबता चालंल अशीच निब द्या."

"अहो, आपलं दुखणं त्याला कशाला सांगता?" मी म्हटलं. तेवढ्या पैशात नवा फ्रिज आला असता, ते वेगळंच.

त्या भल्या माणसानं चार निबा चालवून बघितल्या, त्यातली एक बसवून दिली. सोबत शिक्क्याचं वॉरंटी कार्ड. कुरिअरवाल्यानं आधारकार्ड मागितलं, वर ड्यूटी भरली, तेव्हा कुठं नवरात्रात पेन हातात पडलं. हे म्हणाले, "शाई दसऱ्यालाच भरीन."

आता खंडेनवमीला आमच्यात हत्यारं पुजतात. विळा, पाना, स्क्रू ड्रायव्हर, सगळं धुऊन पाटावर मांडलं. पेन म्हणजे ह्यांचं हत्यारच की! मी टोपण काढलं आणि सोन्याच्या निबला ओलं हळदकुंकू बोट भरून लावलं. हात कशाला आखडता घेऊ?

दसऱ्याला ह्यांनी शाई भरली, पेन कागदाला टेकवलं. रेघ नाय. पुन्हा टेकवलं. नाय. निबच्या फटीत कुंकू वाळून बसलेलं. ह्यांनी निब सदऱ्याच्या टोकानं पुसली, टोपण लावलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पेन डबीत घातलं, डबी कपाटात. "जाऊ दे," म्हणाले, "आपल्या नशिबात नाय ते." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मीच प्रेरणाला बसवलं. "लिही त्याला. खरं लिही. म्हणावं, आईनं पूजा केली."

"अगं, वॉरंटी जाईल!" हे ओरडले.

"जाऊ द्या. पेन तर राहील?"

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. निब उपसू नका, कोमट पाण्यात बुडवून शाई भरतात तसं पाणी ओढा आणि सोडा, स्वच्छ येईपर्यंत. नाहीच जमलं तर पाठवा, मी करून देतो. मी पातेलं घेऊन बसले. पाणी आधी निळं आलं, मग तांबडं, मग पिवळं. कंबर धरली पण उठले नाही.

ह्यांनी पुन्हा शाई भरली. उरल्या बोटांत पेन धरलं, जेमतेम टेकवलं, आणि चाललं की हो! लई वेळ खाली मान घालून लिहीत होते. मग कागद माझ्यापुढं सरकवला.

'शालू, पूजा टोपणाची करावी.'

इतक्या वर्षांनी चिठ्ठी आली, तीही टोमणा मारायला! मी हसायला गेले आणि रडूच फुटलं.

सोमवारी दोघं बँकेत गेलो. खिडकीतल्या बाईनं सवयीनं अंगठ्याचं पॅड पुढं केलं. ह्यांनी ते हळूच तिच्याकडं परत सरकवलं आणि खिशातून पेन काढलं.