वालाला घातलेलं पाणी

पेणहून रोज रोह्याला जायचं आणि सातवीला विज्ञान शिकवायचं, तेही मराठीत. मी शिकले इंग्रजी शाळेत. ‘रूट कॅप’ येत होतं, ‘मूलटोपी’ पाठ करावी लागली. नोकरी वर्षापुरतीच होती. मुळांवरचा पाठ बघून पुढचं ठरवू, असं मुख्याध्यापिका बाईंनी सांगितलं होतं.

पाठासाठी मुलांनी शाळेमागच्या खाचराच्या कोपऱ्यात, भात कापून झाल्यावर, वाल पेरले. बाकीच्या खाचरात शाळा झाडणाऱ्या मावशींचे वाल होते. मी रोज मुलं यायच्या आधी आमच्या कोपऱ्याला बादलीभर पाणी घालायची. पानं पिवळी पडायला लागली, तेव्हा दोन बादल्या घातल्या.

एका सकाळी मावशींनी पकडलंच. “काय गो बाय, वालाला पानी? भात हाय काय तो?”

“सुकतायत ना, म्हणून...”

“सुकत नाय, कुजतायत! भुईत ओल हाय. तू वरच पाजलंस तर मूळ खाली कशाला जाईल? आयतं ताट आल्यावर कोन उठतंय?”

मुळं पाणी शोषतात, झाडाला धरून ठेवतात, हे सगळं मी तक्त्यावर सुबक अक्षरात लिहून ठेवलं होतं. पाठाला चारच दिवस उरले होते.

पाठाच्या सकाळी मावशींनी त्यांचं एक झाड बाजूने खुरप्याने माती सारत काढून दिलं. “उपटू नको, टोक तुटेल.” तेच एक न्यायचं ठरवलं होतं. तरीही आमचंही एक काढलं आणि कागदात गुंडाळून पिशवीत टाकलं.

बाई शेवटच्या बाकावर वही उघडून बसल्या. मी मावशींचं झाड दाखवलं. हातभर सरळ सोटमूळ, बाजूला उपमुळं, त्यांवर बारीक गाठी; बारीक मुळांना माती चिकटलेली. ती धरून ठेवणारे केसासारखे मूलरोम भिंगातून सगळ्यांनी पाहिले. मग पिशवीत हात घातला. आमच्या झाडाचं मूळ बोटभर, टोक काळं.

“ह्याला काय झालं, मॅडम?”

“मी रोज पाणी घातलं.”

वर्ग खदखदून हसला. “वालाला कोन पानी घालतं, मॅडम!” पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली. मीच उभं केलं तिला. “मग मूळ खाली का गेलं नाही, सांग.” तिने सांगितलं, दुसरीने तिला दुरुस्त केलं, तिसरी फळ्यापाशी येऊन ओल कुठवर असते ते काढू लागली. माझा तक्ता गुंडाळलेलाच राहिला.

तास संपल्यावर बाईंनी वही मिटली. “मूलटोपी सांगायची राहिली.”

“हो.”

“पुढच्या वर्षी आधी ती घ्या.”

बाहेर मावशी झाडू टेकवून उभ्या होत्या. “ऱ्हायली का गो नोकरी?”

“व्हय,” मी म्हटलं, आणि त्या हसल्याच.