भिंतीवरच्या सहा रेघा

आमच्या सोसायटीत मला ‘वकीलबाई’ म्हणायचे. वकीलबाई, डोंबलाची! मुलुंड स्टेशनजवळ एका वकिलांच्या ऑफिसात मी टायपिस्ट होते, एवढंच. पण दिवसभर अर्ज, नोटिसा, प्रतिज्ञापत्रं बडवून बडवून कायद्याचे शब्द तोंडात बसले होते, आणि लोकांना तेवढं पुरत होतं. संध्याकाळी भाजीची पिशवी घेऊन जिना चढायला लागले की दर मजल्यावर कोणी ना कोणी दार उघडून उभं. चौकीवर बोलावलं तर जावंच लागतं का? जामीन मिळाला म्हणजे केस संपली का? बाईची झडती पुरुष शिपायाने घेतली तर चालते का?

“मुळीच नाही,” मी पिशवी या हातातून त्या हातात घेत सांगायची. “बाईची झडती बाईनेच घ्यायची. तीही आडोशाला, तिची अब्रू राखून. आणि पंच म्हणून बायकाच उभ्या करायच्या.” सांगताना मान जरा ताठच व्हायची. पंचविशी उलटली होती, लग्न ठरत नव्हतं, आणि चार माणसं आपलं ऐकतात याचं मला फार अप्रूप होतं.

ऑफिसात प्रतिज्ञापत्राच्या शेवटी एक ठरलेली ओळ असायची, की वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरा आहे. सही करायला आलेल्यांना त्यातला फरक मीच समजावून द्यायची. माहिती म्हणजे तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. समजूत म्हणजे दुसऱ्याने सांगितलेलं आणि तुम्हाला पटलेलं. दोन्हींची सरमिसळ करू नका हां, कोर्टात वाट लागेल. मला हे सगळं तोंडपाठ होतं. म्हणून आज कोणी म्हणालं की तुला कुठे काय माहीत होतं, तर मला राग येतो. मला माहीत होतं.

गिरण्यांचा संप फिसकटला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. तळमजल्यावर एक काकू राहायच्या. त्यांच्याकडे आणि आमच्याकडे भांड्यांना एकच बाई होती. तिचा नवरा गिरणीत होता. संपानंतर तो घरी बसला, आणि ही चाळिशीत पहिल्यांदा दुसऱ्यांची भांडी घासायला बाहेर पडली. मालवणकडची, आमच्याच बाजूची, म्हणून आई तिला आपल्याबरोबर बसवून चहा द्यायची. मी तिला मावशी म्हणायची. ती मला ताई म्हणायची, वयाने मोठी असून.

एका रविवारी सकाळी काकूंच्या मोत्याच्या कुड्या हरवल्या. न्हाणीघराच्या फळीवर काढून ठेवल्या होत्या म्हणे. काकूंच्या यजमानांची चौकीत ओळख होती, त्यामुळे तासाभरात एक हवालदार आणि एक बाई शिपाई दारात हजर झाले. मावशी तेव्हा काकूंच्याच मोरीत भांडी घासत होती. तिला तशीच उठवली. हाताला राख लागलेली होती, तीही धुवू दिली नाही.

हवालदार म्हणाला, “दोन बायका पंच पाहिजेत.” काकू म्हणाल्या, “आमची वकीलबाई आहे ना!” मला वरून बोलावून आणलं. दुसरी पंच पलीकडच्या विंगमधली एक बाई होती. ती आयत्या वेळी घाबरली आणि पडद्याबाहेरच उभी राहिली. आतल्या खोलीत आम्ही तिघीच उरलो. बाई शिपाई, मावशी आणि मी.

बाई शिपाईने दार लोटलं, खिडकी लावली आणि मावशीला म्हणाली, “सोड लुगडं.”

मावशीने माझ्याकडे बघितलं. घाबरली होती, पण रडत नव्हती. म्हणाली, “ताई, तुमी बघा हां. नीट बघा. तुमका कायदो कळता.”

आणि मी भिंतीकडे तोंड केलं.

का केलं? आईच्या वयाची नसली तरी मोठी बाई, रोज आमच्या घरात चहा पिणारी. तिला उघडी कशी बघायची? आमच्याकडे साधं कोणी साडी बदलत असलं तरी आपण पाठ फिरवतो. लहानपणापासून अंगात मुरलेलं आहे ते. मला वाटलं, मी तिची अब्रू राखतेय. अगदी खरं सांगते, त्या क्षणी मला आपण फार चांगलं वागतोय असं वाटलं. तिने बघा म्हटलेलं कानावर पडलं होतं, पण ते आत पोचलंच नाही.

भिंत पिस्ता रंगाची होती. काकूंच्या मुलांची उंची मोजून तिच्यावर पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या. मी त्या मोजल्या. सहा होत्या. खालच्या तीन जवळजवळ, वरच्या लांब लांब. एका रेघेशी मुलाने स्वतःचं नाव लिहून मग खोडलं होतं. मागे कापडाची सळसळ, बांगड्या, बाई शिपाईचं “हात वर कर.” मग जरा वेळ काहीच नाही. मग तीच म्हणाली, “ह्या बघा, कनवटीला होत्या.”

मी वळले. तिच्या तळहातावर कुड्या होत्या. मावशी लुगडं अंगाशी धरून उभी होती, म्हणत होती, “ह्या माझ्याकडे नाय होत्या. ताई, तुमी बघितलात ना?” मी दार उघडलं. बाहेर हवालदाराचा पंचनामा अर्धा लिहून तयारच होता. त्याने उरलेला लिहिला, भराभरा वाचला आणि पेन पुढे केलं. आरोपीच्या कनवटीच्या गाठीतून पंचांसमक्ष मिळाल्या. मी सही केली. रोज शंभर कागदांवर लोकांच्या सह्या घेणारी मी, तिथे एक ओळ थांबून वाचली नाही. काकूंनी सगळ्यांना चहा दिला. मीही प्यायले.

मावशी चार दिवसांनी जामिनावर सुटली. तिचं काम सगळीकडून गेलं होतं. आई म्हणाली, तिला बोलव, निदान चहा तरी दे. मी म्हटलं, “नको गं, मी साक्षीदार आहे, बरं दिसत नाही.” पण ती आपणहूनच आली. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही. तिला एवढंच विचारायचं होतं, “कोर्टात माका कायव विचारूक गावतला काय? वकील नाय आमच्याकडे.”

मी नेहमीच्या आवाजात सांगितलं, हो, वकील नसला तर मॅजिस्ट्रेटसाहेब स्वतः विचारतात, साक्षीदाराला काही विचारायचंय का म्हणून. तेव्हा विचारायचं. घाबरायचं नाही. तो तुमचा हक्क आहे.

तिचा चेहरा एकदम हलका झाला. “तुमी होतात त्या खोलीत, ता बरा झाला,” ती म्हणाली. “नायतर माझा कोण ऐकतला?”

तेव्हा सांगायचं होतं, मावशी, मी बघितलंच नाही. दार अर्धं उघडं होतं, माझा हात कडीवर होता. मी म्हटलं, “सांभाळून जा, जिन्यात दिवा नाही.”

साक्षीचं समन्स आलं तेव्हा मी माझ्या वकीलसाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसत ऐकून घेतलं.

“सही केलीस ना?”

“केली.”

“मग पाहिलंस. आता उलटलीस तर पंचनाम्यावर खोटी सही केल्याचं तुझ्या अंगाशी येईल. माझ्या ऑफिसातली टायपिस्ट फुटली म्हणून गावभर होईल ते वेगळंच. आणि कुड्या मिळाल्याच ना शेवटी? त्या काय आकाशातून पडल्या?”

मला भीती वाटली. नोकरीची, नावाची, चौकीची. तिच्यासाठी वाटली नाही. ही भीती सोडली तर त्या दिवसांत मला कशाचंच काही वाटत नव्हतं. जेवण होत होतं, झोप लागत होती.

कोर्टात पंखा होता, पण माझ्यापर्यंत वारा येत नव्हता. सरकारी वकिलाने विचारलं तसतसं मी सांगत गेले. माझ्यासमक्ष झडती झाली. कनवटीच्या गाठीतून कुड्या मिळाल्या. सही माझीच आहे. दुसरी पंच आलीच नाही. तिच्या नवऱ्याची बदली झाली होती.

मग मॅजिस्ट्रेटसाहेबांनी मावशीला विचारलं, “या साक्षीदाराला काही विचारायचंय?”

मी शिकवलं होतं तशी ती उभी राहिली. घाबरली नाही. धुतलेलं हिरवं लुगडं नेसून आली होती. माझ्याकडे बघून किंचित हसलीसुद्धा, जिन्यात भेटल्यावर हसायची तशी.

“ताई, मी तुमका बघूक सांगितलंय ना?”

“हो.”

“मग तुमी बघितलात?”

“बघितलं.”

“काय बघितलात, ता सांगा साहेबांका.”

मी म्हटलं, “कनवटीला गाठ होती. गाठीत कुड्या होत्या.”

तिचं हसू लगेच गेलं नाही. थोडा वेळ तसंच चेहऱ्यावर राहिलं, मग गेलं. साहेबांनी विचारलं, आणखी काही? ती म्हणाली, “नाय.”

निकाल आठवड्याने होता. मला जायची गरज नव्हती, तरी मी गेले. साहेबांनी वाचून दाखवला. त्यात होतं, की ही पंच सुशिक्षित व तटस्थ आहे, आरोपीशी तिचं वैर नाही, उलट आरोपीचा तिच्यावर इतका विश्वास होता की झडती नीट पाहण्यास आरोपीनेच तिला सांगितलं, व ही गोष्ट साक्षीदाराने मान्य केली आहे. सबब तिच्या साक्षीवर अविश्वास ठेवण्यास कारण नाही. चार महिने कैद.

कुड्या तिने घेतल्या होत्या की नाही, मला आजही माहीत नाही. घेतल्या असतील. नसतील. त्या खोलीत मी माझ्या डोळ्यांनी सहा रेघा पाहिल्या, दुसरं काहीही पाहिलं नाही. त्यांतली प्रत्येक रेघ कुठे होती ते मी आजही हात लावून दाखवीन.

तिला बाहेर आणलं तेव्हा मी व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी होते. बाई शिपाईने तिचा दंड धरला होता. नवरा कोपऱ्यात डोकं धरून बसला होता. मला वाटलं आता ही मला शिव्या देईल, तळतळाट देईल. दिला असता तर बरं झालं असतं. ती माझ्यासमोर थांबली. या सगळ्या माणसांत कायद्यातलं कळणारं तिच्या ओळखीचं माणूस एकच होतं.

“ताई,” ती म्हणाली, “आता ह्याच्यावर काय करूक येता?”

“अपील,” मी म्हटलं. “तीस दिवसांच्या आत.”

एवढं मात्र मी तिला बरोबर सांगितलं.