वर्षालीची अडलेली सही

बाळकुमच्या आवडाबाईची वर्षाली लहानपणापासून अशीच. खाडीचं पाणी दिवसातून दोनदा मागं फिरतं, ही एकदाही नाही फिरायची. दहावी झाल्यावर आळीतल्या पोरी पार्लरचा कोर्स करायला गेल्या, ही आयटीआयला वायरमन शिकायला गेली. वर्गात बावीस पोरं आणि ही एकटी. आळीतले हसायचे. बाप गुणाजी म्हणायचा, "शिकू दे. होडीचं इंजिन बंद पडलं तर मलाच उपयोग." पुढे बाप गेला, होडी विकली, पण पोरगी शिडीवर चढली ती चढलीच. परीक्षा देऊन सुपरवायझरचं परमिट काढलं. म्हणजे काय, तर वायरिंग कोणी पण करू दे, ते बरोबर आहे असं कागदावर लिहून खाली सही हिची. आणि उद्या काही जळलं तर पकडायचं पण हिलाच.

त्यांची बाळकुमची बैठी घरं पाडून तिथे बारा माळ्यांचा टॉवर होत होता. घरं गेलेल्या अठरा कुटुंबांना त्यातच फ्लॅट मिळायचा होता. तोवर चार वर्षं मायलेकी डोंबिवलीत भाड्याच्या खोलीत. खिडकी उघडली की समोरच्याची मोरी. तरी आवडाबाईने मासे विकायची नाक्यावरची जागा सोडली नाही. रोज टोपली घेऊन बाळकुमलाच जायची, आणि मासे कापता कापता मान वर करून टॉवर किती वर गेला ते बघायची.

शेवटी एकदाचा घरभरणीचा रविवारचा मुहूर्त निघाला. फक्त एक कागद सरकारी हापिसात जायचा राहिलेला, आग लागल्यावर जी घंटा वाजते ना, तिच्या लाइनीचा. तो गेल्याशिवाय कोणाला राहायला जाता येणार नव्हतं. टॉवरच्या वायरिंगचं काम कमलेशकडे, वर्षाली कामाला कमलेशकडे, म्हणजे त्या कागदावर सही हिचीच.

बुधवारी सकाळी ती तपासायला गेली. तळमजल्यावर जिन्याजवळ घंटेचं पॅनल. मीटर लावला, करंट बरोबर. अर्थिंग बरोबर. बटण दाबलं तर घंटा अशी वाजली की गच्चीवरची कबुतरं उडाली. तिने पेन काढला. तेवढ्यात वॉचमन काळुराम आला. काळुराम गावचाच, गुणाजीच्या होडीवर जाळं ओढायचा. तो सरळ मीटररूममध्ये गेला आणि जिन्याच्या दिव्यांचा मोठा स्विच खट्कन खाली ओढला. दिवे गेले. आणि इकडे पॅनलचा हिरवा दिवा पण गेला, पिवळा लागला, टीं टीं सुरू झालं. काळुरामने येता येता एक बटण दाबून त्याला गप केलं.

"काका, हे काय केलंत?"

"काय केलं? उजाडलं ना. दिवसाउजेडी दिवा ठेवू नये. तुझी आईस पण टोपली घेऊन निघाली की अख्ख्या आळीचा दिवा मालवून जायची. विसरलीस?"

"आणि हे टीं टीं?"

"ते रोज बोंबलतं गो. दोन महिने झाले. गप केलं की बसतं."

वर्षालीने पेनला टोपण लावलं. घंटेची लाइन जिन्याच्या दिव्यांच्या लाइनीतनं ओढलेली. स्विच पडला की घंटा बॅटरीवर. आणि आग लागली की माणूस पहिलं काय करतं? मेन स्विच पाडतं. तेव्हा ती बॅटरी किती तग धरते बघू, म्हणून पोरगी रंगाचा डबा उपडा टाकून दिवसभर तिथंच बसली. चार वाजता बटण दाबलं. घंटा म्हाताऱ्या कोंबड्यासारखी घरघरली आणि मेली. रोज रोज उपसून बॅटरीत जीवच राहिला नव्हता.

कमलेश आला. "एवढंच ना? नवीन बॅटरी टाकतो, काळुरामला सांगतो स्विचला हात लावू नको. कर सही."

"काळुरामकाकांच्या जागी उद्या दुसरा आला तर? लाइन मेनच्या आधीपासून वेगळी पाहिजे, दादा, म्हणजे मेन पडला तरी घंटेचा करंट जाणार नाही."

"अगं, नकाशात तशीच आहे."

"नकाशात आहे. भिंतीत नाही."

"डोंबिवलीत सह्या करणारे पन्नास मिळतील मला."

"मिळतील की. त्यांच्या आया राहणार आहेत का इथे?"

आणि त्याच्यासमोर तिने कागदावर 'नापास' लिहिलं, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवला.

घरी पोचेपर्यंत आवडाबाईला कमलेशचा फोन येऊन गेलेला. म्हातारी भांड्यांच्या गाठोड्यावर बसलेली.

"काय गो, एका सहीसाठी अडलीस? अठरा घरांची गाठोडी बांधून झाली. लोकं मना नाक्यावर उभी जाळतील."

"आई, तू कल्ला उघडून बघितल्याशिवाय सुरमई घेतेस?"

"नाय. गिऱ्हाईक माझीच टोपली माझ्या डोक्यात घालंल."

"मग?"

"मग काय मग? सुरमई उद्या पण मिलते. मुहूर्त मिलतो काय? जेवण झाकलंय, घे हातानं वाढून."

त्यानंतर दोन दिवस आईने तोंडातून शब्द काढला नाही. लेकीने तरी कुठे काढला! गुरुवारी ती कमलेशच्या गोदामातून केबल घेऊन आली, आगीत पण लवकर न वितळणारी. कमलेशने केबल दिली, नवी बॅटरी दिली, माणूस दिला नाही. बरं, नाही तर नाही. छिन्नी-हातोडा घेऊन हिने एकटीने भिंत फोडली. काळुराम शिडी धरून उभा. बिचाऱ्याला वाटत होतं सगळं आपल्यामुळेच झालं. "मला काय माहीत गो, दिव्याच्या पोटात घंटा हाय," सारखं तेच. मेनच्या आधीपासून वेगळी लाइन, तिला स्वतःचा छोटा स्विच, त्याच्यावर कुलपाची पेटी, पेटीला लाल रंग. हाताला हे मोठे फोड आले.

शुक्रवारी दुपारी आवडाबाई नाक्यावरून उठून टोपलीसकट आली.

"झालं काय?"

"लाइन झाली. आता मेन पाडून उद्या संध्याकाळपर्यंत ठेवायचा. हिरवा दिवा राहतो का बघायचं. मग सही."

"उद्या शनिवार. हापिस बंद. म्हणजे रविवार गेला."

"गेला, आई."

म्हातारीने टोपली खाली ठेवली. "दोन दिवस कल्ला उघडते नि आत तुझंच तोंड दिसतं, मेले. कुठला तो स्विच?" आणि मीटररूममध्ये जाऊन तिने स्वतःच्या हाताने मेन खाली ओढला. मग त्या उपड्या डब्यावर बसून एकेका घरी फोन लावला. "रविवार रद्द. कोणाला शिव्या द्यायच्या असतील तर नाक्यावर या, मी हाय तिथं. पोरीला फोन करायचा नाय."

शनिवारी संध्याकाळी पॅनलचा हिरवा दिवा तसाच. बटण दाबलं, कबुतरं उडाली. वर्षालीने सही केली, पूर्ण नाव, खाली परमिटचा नंबर. सोमवारी कागद गेला. भटजीने ओढूनताणून पुढच्या गुरुवारचा मुहूर्त काढून दिला आणि अठरा कुटुंबांनी कलश आत नेले. दोघी-तिघी आवडाबाईशी अजून बोलत नव्हत्या, पण लाडू खाल्ले.

शुक्रवारी उजाडता उजाडता टॉवरमधून पहिली बाहेर पडली ती आवडाबाईच. टोपली काखेत, आणि सवयीचा हात, जाता जाता मीटररूममध्ये शिरली. खट्. जिन्याचे दिवे गेले.

"आवडे, अगो राहू दे की!" काळुराम ओरडला.

ते ऐकून वर्षाली तिसऱ्या माळ्यावरून अनवाणी धावत खाली आली. पॅनलसमोर उभी राहिली. टीं नाही, टां नाही. हिरवा दिवा आपला तेवत होता.

"काय बघतेस?" आवडाबाई म्हणाली. "उजाडलंय." आणि टोपली डोक्यावर चढवून नाक्याकडे चालायला लागली.